दोन रेषांमधले वीस मीटर

डोंगर, वाटा आणि नकाशे या विषयावर वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे ‘नकाशा’ म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा, अर्थात टोपोशीट, असं समजावं. तिच्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. शेजारच्या दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचा फरक वीस मीटर. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे जाड रेषेपासून पुढच्या जाड रेषेपर्यंत शंभर मीटर.

प्रश्न : नकाशावर सोंडेचा (डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या फाट्याचा) चढ एकसारखा दिसत होता. रेषाही फार दाट नव्हत्या. प्रत्यक्षात अर्ध्या वाटेवर पंधरा मीटरचा उभा कातळ आडवा आला आणि दोर नसल्याने परतावं लागलं. नकाशा चुकीचा होता का? (डोंबिवली)

नकाशा बरोबर असणार. समोच्च रेषा फक्त ‘इथे ९०० मीटर, इथे ९२० मीटर’ एवढंच सांगते. मधले वीस मीटर जमिनीने कसे चढले, याबद्दल ती गप्प असते. समजा, या दोन रेषा कागदावर एक मिलिमीटर अंतरावर आहेत. जमिनीवर ते पन्नास मीटर झाले. त्या पन्नास मीटरांत जमीन एकसारखी चढत गेली असेल, किंवा पंधरा मीटरची भिंत आणि बाकी सगळा जवळजवळ सपाट पदर असेल. दोन्ही वेळा कागदावर रेषा त्याच, अंतरही तेच. वीस मीटरपेक्षा कमी उंचीचा कोणताही कडा दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो. तीस-पस्तीस मीटरच्या कड्यातून एखादी, फार तर दोन रेषा जातील, आणि तेवढ्याने डोळ्यांना दाटी जाणवत नाही.

दुसरीकडे हा अपवाद ठरला असता, पण सह्याद्रीत हाच नियम आहे. इथला डोंगर लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा. घट्ट, एकसंध थर उभा तुटतो आणि त्याचा कडा होतो. सच्छिद्र किंवा लालसर मातकट थर झिजून मागे सरतो आणि तिथे पदर पडतो. म्हणून चढ हा ‘भिंत, पदर, भिंत, पदर’ असाच असतो. सोंडेवरच्या रेषा सारख्या अंतरावर दिसल्या की उलट शंका घ्यावी.

ही शंका फेडायलाही तेच थर उपयोगी पडतात. ते जवळजवळ आडवे असल्याने एकाच डोंगररांगेत कड्याचा पट्टा साधारण त्याच उंचीवर पुढे चालू राहतो. तुमच्या सोंडेवर काही दिसत नसेल तर डावी-उजवीकडच्या दोन सोंडा आणि मधल्या घळीची डोकी पाहा. तिथे ८८० ते ९६० या रेषा एकमेकींना चिकटल्या असतील, किंवा कड्याची काळी खूण असेल, तर तुमच्या सोंडेवरही त्याच उंचीला कातळ आहे असं धरून चाला. नकाशावर पायवाटेची तुटक रेष असेल तर तीही वाचा. एखाद्या उंचीला पोचून ती समोच्च रेषेला समांतर आडवी जाऊ लागते आणि बऱ्याच अंतराने एकदम वर वळते, याचा अर्थ वाट कड्याच्या पायथ्याने जाते आहे आणि नाळ, म्हणजे कड्यातली चढता येण्याजोगी अरुंद घळ, सापडल्यावरच वर चढते आहे. वाटा गावकऱ्यांनी आणि गुरांनी पाडलेल्या असतात. कातळ कुठे फुटलेला आहे हे त्यांना नकाशा काढणाऱ्यापेक्षा आधीपासून ठाऊक होतं.

शेवटचा ताळा उपग्रह-चित्रावर घ्यावा. सोंडेला आडवी, एकाच उंचीने जाणारी बारीक काळी पट्टी म्हणजे बहुधा कड्याची सावली. अशी पट्टी जिथे तुटते तिथे वाट असण्याची शक्यता. पण डोंगराच्या ज्या बाजूला थेट ऊन पडलेलं असतं, तिथे सावलीच नसल्याने कडा असूनही दिसत नाही, हेही विसरू नये.

जाता जाता आणखी एक. समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत असं पुस्तकात असतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा आतल्या बाजूला वळलेला कडा आला की हिशोबाने वरची रेषा खालचीच्या पुढे यायला हवी. कागदावर तसं न दाखवता रेषा एकत्र आणून कड्याची खूण देतात. त्यामुळे कडा उभा आहे की पोटात गेलेला, हे रेषांवरून कळत नाही.

प्रश्न : अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात मुलांना सोंड आणि दरी यांतला फरक हमखास चुकतो. दोन्हीकडे रेषा इंग्रजी व्ही-सारख्याच वळतात. कसं शिकवावं? (शिक्षिका, लातूर)

व्ही कुठे वळतो हे पाठ करून घेतलं की परीक्षेत ते नेमकं उलटं आठवतं. त्याऐवजी क्रम बदला. नकाशा हातात आल्यावर पहिली दहा मिनिटं समोच्च रेषांकडे बघूच देऊ नका. आधी सगळे ओढे-नाले रंगीत पेन्सिलीने गिरवायला सांगा, मुखाकडून उगमाकडे. पाणी सोंडेच्या माथ्यावरून वाहत नाही, त्यामुळे गिरवलेली प्रत्येक रेघ दरीत आहे. मग दोन ओढ्यांच्या मधली जागा दुसऱ्या रंगाने तुटक रेघेने जोडा. त्या झाल्या सोंडा आणि धारा (डोंगराचे अरुंद, लांबट माथे). आता समोच्च रेषा पाहिल्या की व्हीचं टोक ओढ्यावर चढाकडे आणि सोंडेवर उताराकडे वळलेलं मुलांना आपोआप दिसतं.

इथे एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवा. आपल्या नकाशांवर निळा रंग बारमाही पाण्याला असतो. पावसाळ्यानंतर आटणारे ओढे काळ्या रेघेने दाखवतात, आणि मराठवाड्यात, सह्याद्रीच्या वरच्या उतारांवर बहुतेक ओढे याच प्रकारचे. मुलं निळ्याच्या शोधात राहतात आणि ‘या भागात पाणी नाही’ असं लिहितात. काळी रेघ वाट आहे की ओढा, हे ओळखायला सोपी कसोटी आहे. ओढ्याला फाटे फुटलेले असतात, ते उताराकडे एकत्र येतात आणि रेघ समोच्च रेषांना व्हीच्या टोकातच कापते. वाट कुठेही कापते.

प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर काचेच्या पसरट भांड्यात मातीचा डोंगर करून एक-एक सेंटिमीटर पाणी चढवत जायचं आणि दर पातळीला काठाकाठाने रेघ ओढायची, हा प्रयोग उत्तम. पण तो फसतो दोन कारणांनी. शाडूची माती पाण्यात सुटते आणि तिसऱ्या पातळीपर्यंत डोंगर खचतो, म्हणून मुलांची तेलकट क्ले वापरावी. अर्धा कापलेला मोठा, वेडावाकडा बटाटाही चालतो. मात्र तो सरकू नये म्हणून भांड्याच्या तळाशी चिकटवायला हवा. दुसरं कारण असं, की भांड्यात वाकून कागदावर रेषा उतरवताना डोकं हलतं आणि वरच्या रेषा सरकतात. भांड्यावर काच ठेवावी, एक डोळा मिटावा, डोकं एका जागी टेकवावं आणि काचेवरच मार्करने गिरवावं. डोंगराला मुद्दाम एक दरी, एक सोंड आणि दोन शिखरांमध्ये एक खिंड ठेवा. पाणी खिंडीच्या उंचीला पोचलं की एका डोंगराची दोन बेटं होतात. हा क्षण मुलं विसरत नाहीत आणि पुढे खिंडीची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न : धरणाच्या भिंतीशेजारी आणि नदीच्या काठावर ‘५ आर’, ‘३ आर’ असे आकडे असतात. ते काय? (सांगली)

ती सापेक्ष उंची आहे, मीटरमध्ये. भिंतीशेजारी ‘५ आर’ म्हणजे लगतच्या जमिनीपेक्षा भिंत पाच मीटर उंच. नदीकाठी तो आकडा काठ पात्रापासून किती उंच आहे ते सांगतो. समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी. ती नुसत्या बिंदूशेजारी, त्रिकोणी खुणेशेजारी किंवा ‘बीएम’ (बेंचमार्क, म्हणजे नेमकी उंची मोजून ठेवलेली खूण) या अक्षरांसोबत येते. वीस मीटरच्या रेषांमध्ये जे मावत नाही, ते सांगण्याचं काम हे छोटे आकडे करतात. नदी ओलांडायची असेल तर आधी तेच वाचावेत.

प्रश्न : उताराचा कोन नकाशावरून कसा काढायचा? आणि ‘चढ असल्यामुळे प्रत्यक्ष अंतर खूप वाढतं’ हे खरं का? (सातारा)

कोन काढायला उंचीतला फरक भागिले आडवं अंतर, एवढंच करायचं, फक्त दोन्ही मीटरमध्ये हवेत. आपल्या प्रमाणावर शेजारच्या दोन रेषांत चार मिलिमीटर अंतर असेल तर उतार जेमतेम सहा अंश. दोन मिलिमीटरला अकरा, एक मिलिमीटरला बावीस आणि अर्ध्या मिलिमीटरला एकोणचाळीस अंश. अर्धा मिलिमीटर पट्टीवर मोजणं हाच मुळात विनोद आहे. म्हणून उभ्या जागी जाड रेषांमधलं अंतर मोजावं. ते पाच मिलिमीटर आलं तर बावीस अंश, अडीच आलं तर एकोणचाळीस, दोन आलं तर पंचेचाळीस. मोजताना पट्टी रेषांना काटकोनात धरावी. तिरकी धरली की अंतर वाढतं आणि उतार कागदावर सौम्य होतो. बहुतेक चुका इथेच होतात.

चढामुळे अंतर वाढतं ते समजतात त्याहून खूपच कमी. आडवे ५०० मीटर आणि चढ २०० मीटर असेल, म्हणजे चांगलाच उभा, तरी तिरपं अंतर ५३८ मीटर भरतं. नकाशावर मोजलेलं आणि पायांनी चाललेलं अंतर यांत जी तफावत पडते, ती वाटेच्या नागमोडीमुळे. नकाशावर सरळ काढलेल्या रेषेत ही वळणं मावत नाहीत.

वाढतो तो वेळ. त्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये मांडलेला ठोकताळा अजून वापरात आहे : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. साडेचार किलोमीटर आणि आठशे मीटर चढ असेल तर ५४ अधिक ८० मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. हा ठोकताळा थंड हवेतल्या तंदुरुस्त माणसाचा आहे. कोकणातून घाटमाथ्यावर येताना, पाठीवर सॅक आणि सोबत दहा जण असतील तर त्याची दीडपट धरावी, म्हणजे सुमारे तीन तास वीस मिनिटं.

प्रश्न : मोबाइलवरची जागा आणि जुन्या टोपोशीटवरची जागा जुळत नाही. उंची तर कधी साठ मीटर कमी येते. नेमकं कोण चुकतं? (नाशिक)

चूक कुणाचीच नाही. दोघं वेगवेगळ्या आधारावर मोजतात.

जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती नमुन्यावर, बेतलेल्या आहेत. मोबाइल वापरतो डब्ल्यूजीएस-८४ हा दुसरा नमुना. एकाच देवळाचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात. पुण्याच्या आसपास हा फरक शंभर मीटरांहून जास्त भरतो, त्यात उत्तर-दक्षिण फरक मोठा. कागदावर तो दोन-अडीच मिलिमीटर आहे. मैदानात हरकत नाही. पण अरुंद धारेवर तेवढ्यात तुम्ही चुकीच्या दरीत पोचता. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेली ‘ओपन सीरिज’ डब्ल्यूजीएस-८४वरच आहे, तिला ही अडचण नाही. जुनी शीट स्कॅन करून अॅपमध्ये चढवत असाल तर सेटिंगमध्ये आधार-पद्धत (डेटम) बरोबर निवडा. ते जमत नसेल तर शीटवरचे आणि जमिनीवरचे सहज ओळखू येणारे दोन-तीन बिंदू (पूल, रेल्वे फाटक, धरणभिंतीचं टोक) घेऊन त्यावरून नकाशा सरकवा. मंदिर किंवा शाळा निवडू नका, नकाशावर खूण जागेपासून थोडी बाजूला काढलेली असू शकते. यूटीएम आकडे (अक्षांश-रेखांशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगणारी पद्धत) वापरत असाल तर आणखी एक खबरदारी : ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला विभाग ४३, पूर्वेला ४४. नागपूर, वर्धा, चंद्रपूर ४४मध्ये येतात. पुण्याच्या माणसाचं अॅप ४३वर अडकलेलं असतं आणि मग विदर्भात आकडे जुळत नाहीत.

उंचीचा प्रश्न निराळा. नकाशावरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. उपग्रहांवरून निघणारी मूळ उंची गणिती लंबगोलापासून. आपल्याकडे समुद्रसपाटीची पातळी त्या लंबगोलाच्या खाली साठ मीटरांच्या आसपास आहे, म्हणून दुरुस्ती न करणारं अॅप तेवढी उंची कमी दाखवतं. समुद्रकिनारी उभं राहून उणे आकडा दिसला तर हेच कारण. अॅपमध्ये ‘सरासरी समुद्रसपाटी’ असा पर्याय शोधा.

घड्याळातला हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक जास्त भरवशाचा वाटतो, आणि थोड्या वेळापुरता तो असतोही. पण त्याला आपल्या पट्ट्यातली एक गंमत गोत्यात आणते. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरावीक लयीत वर-खाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, फरक तीन-चार मिलिबार. एक मिलिबार म्हणजे या उंचीवर साधारण नऊ मीटर. सकाळी दहाला पायथ्याशी उंची जुळवली आणि तुम्ही जागचे हललाच नाहीत, तरी चार वाजता मापक तुम्हाला तीसेक मीटर वर चढवून ठेवतो. म्हणजे एका समोच्च रेषेहून जास्त. उपाय एवढाच, की नकाशावर उंची दिलेली प्रत्येक खिंड, प्रत्येक माथा आला की मापक पुन्हा जुळवावा.

प्रश्न : राजगड-तोरणा जायचं आहे. कोणती शीट घ्यावी, आणि घरी छापली तर चालते का? (पिंपरी)

दोन लागतील. क्रमांकाची रीत समजली की कुठल्याही जागेची शीट शोधता येते. चार बाय चार अंशांच्या चौकटीला एक आकडा. महाराष्ट्राचा बराच पश्चिम भाग ४७मध्ये येतो, म्हणजे अक्षांश १६ ते २०, रेखांश ७२ ते ७६. तिचे एक-एक अंशाचे सोळा भाग, ए ते पी, वरून खाली आणि मग पुढच्या उभ्या रांगेत. ‘एफ’ म्हणजे अक्षांश १८ ते १९, रेखांश ७३ ते ७४. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग, त्याच वरून खाली क्रमाने. पुणे शहर ४७ एफ/१४, सिंहगड ४७ एफ/१५, कळसूबाई ४७ ई/१०. तोरणा ४७ एफ/११मध्ये आहे आणि राजगडाचा बालेकिल्ला १८ अंश १५ मिनिटांच्या रेषेच्या जेमतेम दक्षिणेला असल्याने ४७ एफ/१२मध्ये जातो. म्हणजे शीटची कड नेमकी तुमच्या वाटेवर. ओपन सीरिजमध्ये क्रमांक निराळे : ४७ एफची तिथे ई४३एच होते, शेवटचा आकडा तोच राहतो. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून या शीट पीडीएफ रूपात मिळतात.

छापताना प्रिंटर ‘पानात बसवा’ म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडे पूर्ण शीट उंचीला सुमारे ५५ सेंटिमीटर आणि रुंदीला ५३ सेंटिमीटर असते. ती ए-४वर बसवली की प्रमाण १:५०,००० राहतच नाही, पण कोपऱ्यात छापलेलं मात्र तेच राहतं. ‘प्रत्यक्ष आकार’ निवडून तुकडे छापा आणि तपासून पाहा : अक्षांशाच्या पाच मिनिटांचं उभं अंतर १८.४ सेंटिमीटर यायला हवं. सतरा-साडेसतरा आलं तर तो कागद मोजणीला घेऊ नका, किंवा त्यावरची रेखीव मोजपट्टी वापरा. ती नकाशासोबतच आक्रसलेली असते, त्यामुळे खोटं बोलत नाही. दोन शीट जोडताना आधी जाड रेषा जुळवा, मग वाटा. समासातलं सर्वेक्षणाचं साल वाचूनच घडी घाला. रस्ते, धरणं आणि वस्त्या त्या सालच्या असतात. डोंगर मात्र तुम्हाला पुरेल इतका जुना आहे.

प्रश्न : लोणारचं विवर नकाशावर टेकडीसारखंच दिसेल ना? वर्तुळाकार रेषा तर दोन्हीकडे. (बुलढाणा)

दिसेल, म्हणूनच खोलगट जागेच्या रेषांना आतल्या बाजूला, उताराकडे, छोट्या दातांसारख्या रेघा जोडायची पद्धत आहे. त्या नसल्या तर आकडे आणि पाणी पाहावं. वर्तुळांच्या मधोमध तळं आहे म्हणजे ती टेकडी नव्हे. आकड्यांत एक खुबी असते. काठ चढून आत उतरताना पहिली दातेरी रेषा बाहेरच्या शेवटच्या साध्या रेषेच्याच उंचीची असते. बाहेर ५८० असेल तर आतही आधी ५८०, मग ५६०.

लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे कागदावर साडेतीन सेंटिमीटरहून थोडा जास्त. काठापासून तळापर्यंत खोली दीडशे मीटरच्या घरात, त्यामुळे आतल्या उतारावर सहा-सात रेषा दाटीने येतात. विवराचा उचललेला काठ, जो उल्कापाताची मोठी खूण मानतात, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटरच उंच आहे. म्हणजे त्याच्या वाट्याला एखादी रेषा आली तर आली. आतला खड्डा नकाशावर ठसठशीत, आणि त्याचा जन्म सांगणारा काठ जवळजवळ अदृश्य.

प्रश्न : इथे सगळे होकायंत्रात चुंबकीय दुरुस्ती करायला सांगतात. महाराष्ट्रात ट्रेक करताना कधी गरज पडली नव्हती. (सिएटल)

महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, म्हणून ती सवयच लागत नाही. सिएटलला तो पूर्वेकडे पंधरा अंशांच्या आसपास आहे. दुरुस्ती न करता एक किलोमीटर चाललात तर २६० मीटर बाजूला पोचाल. होकायंत्रावर वाचलेल्या दिशेत पंधरा मिळवा आणि मग नकाशावर मांडा. नकाशावरून जमिनीवर येताना पंधरा वजा करा. शिवाय तिथल्या १:२४,०००च्या नकाशांवर उंची फुटांत असते, आणि डोंगराळ भागात रेषा बहुधा चाळीस फुटांवर, म्हणजे सुमारे बारा मीटरवर. तेवढ्याच उताराला तिथल्या रेषा कागदावर थोड्या विरळ पडतात, त्यामुळे आपल्या नकाशाला सरावलेल्या डोळ्यांना तिथला प्रत्येक डोंगर आहे त्याहून थोडा सौम्य वाटतो.

प्रश्न : अॅपमध्ये आता दहा-दहा मीटरच्या समोच्च रेषा मिळतात. मग वीस मीटरची टोपोशीट कशाला? (कोल्हापूर)

रेषा दहा मीटरवर काढल्या म्हणून मोजणी दहा मीटरवर झाली असं होत नाही. अशा बऱ्याच मोफत नकाशांमागे फेब्रुवारी २०००मध्ये अवकाशयानातून केलेल्या एसआरटीएम या रडार-मोजणीची आकडेवारी असते. तिच्यात साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची. संगणक त्यातून हव्या तितक्या बारीक रेषा काढून देतो.

याचा परिणाम सह्याद्रीत ठळक दिसतो. तीस मीटरपेक्षा अरुंद नाळ दोन्ही बाजूंच्या कड्यांसोबत सरासरीत बुजते. सुळक्याची आणि धारदार कड्याची उंची कमी भरते, कारण त्या चौकोनात दोन्हीकडचा उतारही मोजलेला असतो. उभा कडा तिरका उतार होऊन बसतो. दाट झाडीत रडार जमिनीपर्यंत पूर्ण पोचत नाही, त्यामुळे जंगलातली ‘जमीन’ थोडी झाडांच्या उंचीची असते. जंगलाच्या कडेला अॅपवर जो आठ-दहा मीटरचा चढ दिसतो, तो कधीकधी नुसता झाडीचा काठ असतो.

टोपोशीटवर रेषा कमी, पण कडा माणसाने पाहून वेगळ्या खुणेने काढलेला. म्हणून दोन्ही शेजारी ठेवावेत. एकूण चढ, धारेची दिशा, खिंडीची जागा याला अॅप पुरेसं आहे. वर जायची नाळ, कड्याचा पट्टा आणि पायवाट यांसाठी टोपोशीट पाहावी. अॅपवर चढ सलग आणि टोपोशीटवर त्याच जागी काळी खूण असेल, तर काळ्या खुणेचं ऐकावं आणि सॅकमध्ये तीस मीटर दोर टाकावा.